परकराचा काठ

मामंजींनी धोतराच्या जुन्या फडक्यातून यंदाची बाहुली काढली, नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांच्या, कोलूच्या, खालच्या पायरीवर अगदी मधोमध उभी केली, आणि जयवंतीच्या हातातलं वातींचं तबक कलंडलं. वाती गोळा करायला ती खाली बसली, ते बरंच झालं. तेवढा वेळ तिचं तोंड कुणाला दिसलं नाही. बाहुली म्हणजे वीतभर उंचीची मुलगी होती. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत रंगवलेला हिरवा परकर, मान किंचित उजवीकडे झुकलेली. मान कशाला, सगळा देहच उजवीकडे कललेला, उभं राहताना जयवंतीच्या लेकीचा, अंबूचा कलतो तसा. आणि डाव्या पायाला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या बारीक पट्ट्या, दोऱ्याएवढे चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी खिळ्याच्या टोकाची कडी. चेहरा हसरा होता.

"कशी आहे?" मामंजींनी विचारलं.

"छान आहे." परक्याच्या दारात उभं राहून म्हणावं तसं ते 'छान' बाहेर पडलं.

"नुसती छान? हे बघ." त्यांनी नखानं कडी उचलली, बाहुलीचा गुडघा वाकवला, पुन्हा सरळ केला. टक्. अंबूच्या पट्टीचा होतो तोच आवाज, फक्त इवलासा. "बाजारात मिळेल कां असली? तिकडल्या अस्क्या एका साच्याच्या. एकाच आईची जुळी पोरं जणू."

"तात्ता, ही मी!" अंबू जमिनीवर बसल्या बसल्या आजोबांकडे बघून टाळ्या पिटत ओरडली. तिला इतकं हसताना जयवंतीनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि हसण्याचं कारण पाहून तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आता नवरात्रभर गल्लीतल्या, नवऱ्याच्या, उमाकांतच्या, ऑफिसातल्या, स्टेशनापलीकडच्या बायका कुंकवाला येणार, पायऱ्यांपुढे बसणार, एकेक बाहुली निरखणार. बघायलाच तर येतात. आणि ही मधोमध. पुढेमागे करायचीही सोय नव्हती. या घरात कोलूवर एकदा ठेवलेली बाहुली दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. सासूबाई गोदाबाई हयात असताना म्हणे एकदा मांजरीनं वाणी-शेट्टीच्या बाहुलीचं मुंडकं उडवलं, तर गोदाबाईंनी मुंडकं त्याच्याच दुकानातल्या तांदळाच्या राशीवर ठेवलं, आणि शेट्टी दसऱ्यापर्यंत तसाच धंदा करत बसला. ही गोष्ट मामंजी दरवर्षी सांगत आणि दरवर्षी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसत.

तांबरमच्या या घरात मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. तिला सगळे पट्टरै म्हणत. जयवंतीला लग्नानंतर कितीतरी दिवस वाटे की ते कुठल्या नातेवाइकाचं नाव आहे, कारण 'मामंजी कुठायत' विचारलं की उमाकांत म्हणे, "पट्टरैकडे." रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात जन्म काढून मामंजी, राघोत्तमराव, निवृत्त झाले आणि घरच्या पट्टरैत रुजू झाले. घरातलं विळीचं पातं, पाटे, पाळणा, देवघर, घड्याळाची पेटी, दाराची खिटी, सगळं त्यांच्या हातचं. खुर्च्याही. खुर्च्या डगमगत. कोणी तसं म्हटलं की ते जमिनीला दोष देत. जयवंतीचे वडील सरकारी हिशेबखात्यात बदलून साताऱ्याहून मद्रासला आलेले. त्यांच्या घरी वस्तू दुकानातून येत, कागदात गुंडाळलेल्या, दोरीची गाठ सोडायला मुलं भांडत. कागदाचा तो कोरा वास या घरात नव्हता. इथे वस्तूंना भुश्याचा, एरंडेलाचा, माणसाच्या घामाचा वास येई. नव्या नवलाईत उमाकांत म्हणाला होता, "या घरात बाहेरून आणलेली वस्तू एकच. तू." ती किती हसली होती! लेडीज हॉस्टेलच्या मैत्रिणीला पत्रातसुद्धा कळवलं होतं. आता ते वाक्य आठवलं की वाटे, त्यानं गमतीत खरं तेच सांगून टाकलं होतं. बाहेरून आणलेली वस्तू घरच्या वस्तूंकडे ज्या डोळ्यांनी बघते, त्या डोळ्यांनी ती बघत होती. आणि त्या घरच्या वस्तूंत आता अंबूही आली होती. पोटची पोर. पण तिच्याकडे बघताना आधी पट्टी दिसे, मग अंबू. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अंबू रस्त्यात चालत असली की जयवंती अंबूकडे बघतच नसे. ती बघणाऱ्यांकडे बघे. कोणाची नजर खाली गेली, कोणाची तिथेच राहिली, कोणी चटकन दुसरीकडे वळवली. जे चटकन वळवत त्यांचा तिला जास्त राग येई.

अंबूचा पाय लुळा करून गेलेला तो ताप आला त्याच्या आदल्या आठवड्यात ते सगळे बसनं कोवलमला गेले होते. होड्या वर ओढून ठेवलेल्या, मासळीच्या वासानं उमाकांतनं नाकाला रुमाल लावलेला, आणि अंबू ओल्या वाळूत पळत होती. पळत होती! लाट मागं गेली की गुळगुळीत वाळूवर तिची पावलं उमटत, उजवं-डावं, उजवं-डावं, दोन्ही अगदी एकसारखी. जयवंती मागून चालत मुद्दाम त्या पावलांवर आपला पाय पडणार नाही असं बघत होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग लाट आली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की समुद्राचा काही संबंध नाही, वाऱ्याचा नाही, तिथं खाल्लेल्या ताडगोळ्यांचाही नाही. अहो, तुम्ही शिकलेल्या आहात. शिकलेली होती म्हणून तिनं मान डोलावली. पण ताडगोळा सोलून अंबूच्या तोंडात आपल्याच हातानं घातला होता, हे हाताला आठवत होतं. हाताला कुणी शिकवलेलं नसतं.

पट्टीचं ठरलं तेव्हा उमाकांत म्हणाला, मौंट रोडला एक दुकान आहे, चौकशी करतो. मामंजी म्हणाले, "दुकान कशाला होणें? दुकानवाल्यानं पोरीला कडेवर घेतलंय कां?" आणि सुतळीनं अंबूची मांडी, गुडघा, पोटरी मापू लागले. अंबूला गुदगुल्या होत होत्या. जयवंती दारात उभी होती. त्या क्षणी बोलता आलं असतं. मामंजी, पायाचा प्रश्न आहे, पाटाचा नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण उमाकांतनंच सुतळीचं दुसरं टोक धरलं होतं, आणि सुनेनं काय बोलायचं. रेल्वेच्या डब्याच्या खिडकीच्या जुन्या पट्टीचं पोलाद कापलं गेलं, मामंजींचा नोकरीतला कमरपट्टा फाडून वाद्या झाल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पट्टी खालवर करून पाहिली, कडी दोनदा उघडून मिटली आणि मुलीला चालवा म्हणाले. म्हणजे ती वाईट नव्हती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! तिला दुकानातलीच आणू या म्हणून हट्ट धरता आला असता, रडता आलं असतं. पट्टी ठीक होती. फक्त ती घरी केलेली दिसत होती. रिबिटांची डोकी सगळी सारखी नव्हती. मांडीवरच्या पट्ट्यावर जुन्या बकलाचा काळा ठसा होता, कधीकाळी तो कुणा पुरुषाच्या पोटावर बसत होता हे सांगणारा. चालताना टक् होई, मग खर्र, मग पुन्हा टक्. दुकानातल्या पट्टीचा आवाज झाला नसता असं तिला वाटे. झाला असता तरी तो पट्टीचा झाला असता; हा आवाज त्यांच्या घराचा होत होता.

म्हणून तिनं परकर लांब शिवले. चार वर्षांच्या मुलीला घोट्याच्या खाली, जवळजवळ जमिनीला टेकणारे परकर. कडेला जरीचा काठ लावला, की बघणाऱ्याची नजर काठावर थांबावी. "किती गोड, म्हातारबाईसारखी दिसते," बायका म्हणत, आणि जयवंतीच्या जिवाला बरं वाटे. पण काठ घोट्याजवळच्या स्क्रूमध्ये अडके आणि अंबू पडे. रडत नसे. पडली की आधी परकर नीट करी आणि मग उठायची खटपट. मामंजींनी स्क्रूचं डोकं कानशीनं घासून गोल केलं, तरी अडकतच राहिला. शेवटी एकदा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाले, "पोरी, परकर आखूड कर. गुडघ्यापर्यंत. मग पडायची नाही बघ."

"थंडी वाजेल तिला," जयवंती म्हणाली.

मद्रासला थंडी! मामंजी तिच्याकडे बघत राहिले. नेहमीसारखे हसतील, टोमणा मारतील असं तिला वाटलं. ते "शरि", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि पट्टरैकडे गेले. मागून कानशीचा आवाज यायला लागला. तो तिला दिवसभर दातांत जाणवत राहिला.

पावसाळ्याआधी, स्टेशनवर अन्नपूर्णाबाई भेटल्या होत्या. त्यांचे यजमान बँकेत, बिऱ्हाड नुंगंबाक्कमला, मूळच्या नाशिककडच्या. मद्रासला आलेल्या मराठी बायकांत त्यांचा शब्द चाले. त्यांच्या घरी गुरुवारी बायका जमत, आणि जयवंतीला तिथं जायला आवडे, कारण तिथं बोललेलं लगेच कळे, सासरच्या दक्षिणी मराठीतल्या 'होणें' आणि 'अस्की'मधून वाट काढावी लागत नसे. फलाटावर वाऱ्यानं अंबूचा परकर उडाला आणि पट्टी उघडी पडली. अन्नपूर्णाबाई वाकल्या. "अगं बाई, हे कुठून करून घेतलंत?"

"विलायतेहून मागवलं." शब्द आपोआप आले, कुणीतरी आधीच जिभेवर ठेवल्यासारखे. "ह्यांच्या एका ओळखीच्यांनी."

"वाटलंच मला. आपल्याकडे कुठलं असं व्हायला! खरंच का गं, ठमाबाई? विलायतेहून आलंय तुझं हे?"

अंबूनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. फार थोडा वेळ. पट्टीच्या एकेका खिळ्याला तात्तांच्या शेजारी बसून तिनं नावं दिलेली होती, हा रामू, ही लच्छी. मग ती अन्नपूर्णाबाईंना म्हणाली, "हो. बोटीनं."

बोट ही भर तिची स्वतःची होती. अन्नपूर्णाबाईंनी तिचा गालगुच्चा घेतला. गाडी आली, गेली. जयवंतीला सुटल्यासारखं वाटलं. पण घरी येताना तिनं अंबूला कडेवर घेतलं, चालवलं नाही. पोरगी खांद्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "तात्तांना सांगायचं नाही ना?" जयवंतीनं तिच्या परकराचा काठ खाली ओढून घेतला. त्यातलं उत्तर अंबूला बरोबर कळलं, कारण तिनं तात्तांना कधीच सांगितलं नाही.

आणि यंदा कोलूच्या आधीपासून आजा-नातीचं काहीतरी शिजत होतं. पट्टरैतून टक्-खर्र ऐकू येई, मग मामंजींचा आवाज, "तबक सरळ. कुंकू सांडलं तर बायका नाकाला लावून घेतील." मग अंबूचं खिदळणं. बेत असा होता की यंदा आलेल्या बायकांना कुंकवाचं तबक अंबूनं न्यायचं, स्वतः, चालत, एकेकीपुढे. पूर्वी गोदाबाई नेत असत, मग चार वर्षं जयवंती. "शुक्रवारी मी देणार कुंकू," अंबू दिवसातून कितीदा तरी सांगे. जयवंती म्हणे, "बघू हं." तबक घेऊन ती बायकांच्या रांगेतून चालेल, सगळ्यांच्या नजरा तिच्या वेण्यांवरून खाली, खाली, आणि त्या शांततेत टक्, खर्र. हे दृश्य जयवंतीला भाजी चिरताना दिसे, अंबूच्या वेण्या घालताना दिसे. आणि आता ही बाहुली आली होती, तेच दृश्य लाकडात करून आधीच सगळ्यांसमोर ठेवलेलं. त्यांना विचारावंसं वाटलं नाही? माझी मुलगी आहे ती. तिच्या पायाचं प्रदर्शन मांडायचा हक्क कुणी दिला तुम्हाला? राग खराच होता, आणि त्यात तथ्यही होतं. पण रागाच्या तळाशी हात घातला की जे लागे ते राग नव्हता.

दुपारी घर झोपलं होतं. वरच्या पायरीवर मरप्पाच्ची, रक्तचंदनी लाकडाची राजाराणीची जोडी, गोदाबाईंच्या लग्नात त्यांच्या माहेरून आलेली. घरातल्या या दोनच बाहुल्या मामंजींनी केलेल्या नव्हत्या. दरवर्षी त्यांना नवे कपडे चढवायचे आणि ते काम सुनेचं. जयवंतीनं राणीचं रेशमी लुगडं बेतलं, राजाचा अंगरखा शिवला, आणि जांभळ्या रेशमाचा एक तुकडा उरला. तो तुकडा ती बोटांत फिरवत बसली. बाहुली हलवायची नसते. कपडे चढवू नयेत असं कुणीच म्हटलेलं नाही. उलट तो मानच. तिनं काठ दुमडला, चुण्या घेतल्या, आणि पायरीवरची बाहुली जागची न हलवता, वाकून, तिच्या कमरेभोवती परकर गुंडाळून मागून टाके घातले. बारीक टाके, एकाला एक लागून, सहजी निसटू नये असे. कॉलेजात शिवणकामाला बक्षीस मिळालं होतं तिला. परकर पायरीला टेकला, पट्ट्या झाकल्या गेल्या, कडी झाकली गेली. राहिली ती एक हसरी मुलगी, थोडी कललेली. लाकूडच आहे, कललं असेल. दोरा दातांनी तोडताना तिचं लक्ष गेलं. अंबू चटईवर जागी होती. एका कुशीवर, गालाखाली हात घेऊन, बघत होती. किती वेळ, कोण जाणे.

"झोपली नाहीस?"

"झोपले," अंबू म्हणाली आणि डोळे मिटले.

चार वाजता मामंजी पाणी प्यायला आत आले. पायऱ्यांपुढे थांबले. लोटा तोंडाशी नेला, पण प्यायले नाहीत. मग वाकून त्यांनी रेशमाच्या काठावरून अंगठा फिरवला, रंधा मारलेल्या लाकडावरून फिरवावा तसा, आणि जयवंतीकडे न बघता म्हणाले, "शिवण बारीक आहे तुझी." त्या दिवशी पट्टरैतून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उमाकांतनं विचारलं, "अप्पा, बरं नाही का?" तर म्हणाले, "कानस बोथट झालीय." ते एका शब्दानं जरी टाकून बोलले असते! ती उत्तरं जुळवून बसली होती. लोक काय म्हणतील, तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला काय कळतं मुलीच्या जातीचं. ती सगळी उत्तरं तिच्यापाशीच राहिली आणि नासायला लागली.

शुक्रवारी दिवेलागणीला बायका आल्या. गल्लीतल्या, आणि नुंगंबाक्कमहून अन्नपूर्णाबाई, सोबत दोघीतिघी. घर मोगऱ्यानं आणि वाटलेल्या खोबऱ्याच्या वासानं भरलं. वाणी-शेट्टीचं कौतुक झालं, मरप्पाच्चीच्या अंगरख्याचं झालं. अन्नपूर्णाबाई खालच्या पायरीशी झुकल्या. "ही नवीन का? परकर काय सुरेख आहे हो! कुठून आणलीत?"

"घरीच केली," जयवंती म्हणाली. बाहुलीच्या बाबतीत हे म्हणता येत होतं. "आमच्या मामंजींनी."

"हौशी दिसतात हं." मग मागे वळून, "आणि ही दुसरी बाहुली! अगं, इतकी गप्प का बसलीस? तुझे आजोबा आत्ता दारात म्हणाले, आज कुंकू आमची अंबू देणार म्हणून."

अंबू भिंतीला टेकून चटईवर बसली होती. डाळिंबी रंगाचा नवा परकर, जयवंतीनंच शिवलेला, सगळ्यांत लांब. शेजारी कुंकवाचं तबक तयार होतं; मामंजींनी त्याला खास दोन कान बसवले होते, छोट्या मुठीत मावतील असे. मामंजी मागच्या दारात उभे होते, आत न येता. पुरुष कशाला मध्ये येतील. पण उभे होते.

"चल, ऊठ," जयवंती म्हणाली. आपला आवाज उत्साही निघाला याचं तिला आश्चर्य वाटलं.

अंबू उठली नाही. तिनं दोन्ही हातांनी परकराचा काठ ओढून पावलांखाली घेतला, चापून, चहूबाजूंनी, एकही फट राहू नये असा. जयवंतीनं पायरीवर बाहुलीचा घेतला होता तसाच. मग हात मांडीवर ठेवले, मान किंचित उजवीकडे, आणि हसली. हसू तसंच ठेवून, ओठ फारसे न हलवता तिनं विचारलं, "आई, आता दिसत नाही ना?"

स्वच्छ आवाज होता तिचा. खोलीभर ऐकू गेला.

कुणाची तरी बांगडी वाजली. जयवंतीला सवयीनं आधी बायकांकडेच बघावंसं वाटलं, कोण खाली बघतंय, कोण वळवतंय, आणि तिनं पाहिलंही. पण त्या कुणीच अंबूकडे बघत नव्हत्या. त्या जयवंतीकडे बघत होत्या. ती जागची उठली, पायऱ्यांपाशी गेली, गुडघे टेकून बसली. रेशमी परकराच्या मागचे टाके नखानं उसवायला लागली. उसवेनात. फार चांगले घातले होते. सगळ्या बायकांकडे पाठ करून, बाहुली जागची हलू नये म्हणून एका हातानं धरून, तिनं मान वाकवली, लाकडाला गाल लावला आणि दातांनी दोरा शोधायला लागली. लाकडाला भुश्याचा वास होता, एरंडेलाचा. एक टाका तुटला. मग दुसरा.

"अहो, हे काय?" मागून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"पट्टी आहे तिला," जयवंती तोंडात दोरा धरूनच म्हणाली. "अंबूसारखीच. दोन्ही मामंजींनी केल्यात. विलायतेहून नाही आणली." शब्द नीट उमटले की नाही कुणास ठाऊक. परकर सुटून पायरीवर पडला. पत्र्याच्या पट्ट्या समईच्या उजेडात चमकल्या. मागच्या दारात हालचाल झाली. मामंजी गेले की आत आले, ते बघायला तिनं मान वळवली नाही. ती अंबूकडे वळली.

अंबू बाहुलीकडे बघत होती, उघड्या पायाकडे. मग आईकडे. फलाटावर पाहिलं होतं तसंच, उत्तर कोणतं द्यायचं ते शोधत. जयवंतीनं तबक तिच्यापुढे धरलं आणि दुसरा हात पसरला. अंबूनं एक हात उचलून तबकाच्या कानाला लावला. दुसऱ्या हाताच्या मुठीत परकराचा काठ होता. तो तिनं सोडला नाही.